रांगण्यापासून साठीनंतरपर्यंत : मनाच्या वाढीबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांमध्ये बहुतेकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारली आहे: कितव्या वर्षी काय यायला हवं, आणि नाही आलं तर काय समजायचं? वयाचे तक्ते उपयोगाचे असतात. पण ते कसे तयार झाले हे ठाऊक नसलं की घरात उगाच घबराट पसरते, आणि जिथे खरोखर धावपळ करायला हवी तिथे माणसं निवांत बसतात. म्हणून उत्तरांबरोबर तक्त्यांमागचं कामही थोडं सांगितलं आहे.

प्रश्न : नातू तेरा महिन्यांचा झाला. रांगला नाहीच, बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत जातो. धरून उभा राहतो, पण पाऊल टाकत नाही. शेजारची मुलगी दहाव्या महिन्यात चालायला लागली. सून म्हणते वॉकर आणू, मी म्हणते पांगुळगाडा. काय करावं? (एक आजी, कोल्हापूर)

आजी, तुमच्या लिहिण्यावरून नातू वेळापत्रकातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांची पाहणी करून २००६ मध्ये शारीरिक हालचालींचे कालावधी प्रसिद्ध केले. आपल्याकडची मुलं दक्षिण दिल्लीतली होती. त्यातले आकडे असे: आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, धरून उभं राहणं ४.८ ते ११.४, हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५, आधाराशिवाय चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे आठव्या महिन्यात चालणारं मूल आणि सतराव्या महिन्यात चालणारं मूल, दोघंही निरोगी असू शकतात. याच पाहणीत शंभरातली साधारण चार मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तुमच्या नातवासारखी सरकणारी मुलं बरेचदा थोडी उशिरा चालतात, कारण सरकून त्यांचं काम भागत असतं.

चालण्याचं सरासरी वय बारा महिन्यांच्या आसपास आहे. सरासरी म्हटली की जवळपास निम्मी मुलं तिच्या पुढे असणारच. लोक तिलाच शेवटची तारीख समजतात आणि तिथून काळजी सुरू होते.

आता वॉकरबद्दल. बाळाला मध्ये बसवायचा, खाली चाकं आणि समोर ट्रे असलेला वॉकर आणू नका. त्यात बाळ कमरेवर स्वतःचं वजन पेलत नाही, नुसत्या चवड्यांनी जमीन ढकलतं, आणि ट्रेमुळे त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. अशा वॉकरमध्ये ठेवलेली मुलं उशिरा बसतात, उशिरा रांगतात आणि उशिराच चालतात असं अभ्यासात दिसलं आहे. पायऱ्यांवरून गडगडण्याचे अपघात इतके झाले की कॅनडानं २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. पांगुळगाड्याचं तसं नाही. तिथे मूल स्वतःच्या पायावर उभं असतं, तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. मात्र गुळगुळीत फरशीवर तो पुढे पळतो आणि मूल तोंडावर आपटतं. गाड्याच्या खालच्या दांडीला किलो-दोन किलोची वाळूची पिशवी घट्ट बांधा. मूल आपण होऊन त्याला धरून उभं राहील तेव्हाच तो द्यायचा. उचलून त्याच्यापाशी उभं करू नका.

याहून महत्त्वाचं म्हणजे जमिनीवरचा वेळ. न्यूयॉर्कमध्ये कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची मोजणी केली (२०१२). मोकळं खेळताना ही मुलं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. एवढा सराव कडेवर बसून होत नाही. घरात पायमोजे-बूट नकोत, अनवाणी राहू दे. पलंग, खुर्ची, स्टूल एकेका हाताच्या अंतरावर मांडा, म्हणजे एकाचा आधार सोडून दुसऱ्याचा धरावा लागेल.

डॉक्टरांकडे कधी जायचं? नऊ महिने उलटूनही मूल आधाराशिवाय बसत नसेल, अठरा महिने झाले तरी चालत नसेल, शरीराची एकच बाजू वापरत असेल, किंवा आलेलं कौशल्य गेलं असेल तर. या शेवटच्या कारणासाठी कुठल्याही वयात थांबायचं नाही. बाळ आठ आठवडे आधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत त्याच्या वयातून ते दोन महिने वजा करून तक्ता वाचायचा. तपासणी जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतूनही तिकडे पाठवलं जातं.

प्रश्न : आम्ही जर्मनीत राहतो, मुलगी सात महिन्यांची आहे. घरात मराठी, पाळणाघरात जर्मन. ओळखीचे लोक म्हणतात, दोन भाषांमुळे बोलायला उशीर होतो, आत्ता एकच ठेवा. मराठी गाण्यांचे व्हिडिओ लावून मराठी टिकेल का? (एक आई)

मराठी सोडू नका, आणि आत्ता तर मुळीच नको. या वयाबद्दलचा सगळ्यात गाजलेला प्रयोग आपल्याच ध्वनींवर झालेला आहे. जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. बाळ आईच्या मांडीवर, बाजूला ध्वनिक्षेपक. ‘ट, ट, ट’ चालू असताना मध्येच ‘त’ आला आणि बाळानं मान वळवली की एक खेळणं उजळून हलायला लागायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक ऐकू आला. दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्यांना आला. हिंदी घरांतल्या अकरा-बारा महिन्यांच्या बाळांना मात्र तो पक्का कळत होता. १९८४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अर्थ असा की पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात बाळाचा कान आजूबाजूच्या भाषेला बेतला जातो. जे भेद त्या भाषेत लागत नाहीत ते मागे पडतात. पुढे हे भेद शिकता येतच नाहीत असं नाही, पण कष्ट पडतात. ‘ताट’ आणि ‘टाट’ एकच वाटणाऱ्या मोठ्या माणसाला विचारून पाहा.

व्हिडिओचं उत्तर सिअ‍ॅटलच्या पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषक व्यक्ती बारा बैठकांमध्ये समोर बसून खेळली, गोष्टी वाचल्या. ती बाळं चिनी ध्वनी ओळखायला शिकली. तीच माणसं, तीच सामग्री पडद्यावर पाहिलेल्या गटाला काहीच फायदा झाला नाही. गाण्याचा व्हिडिओ बाळाकडे पाहत नाही, त्याच्या हुंकाराला थांबत नाही. आजीचा व्हिडिओ कॉल वेगळा: ती नाव घेऊन हाक मारते, बाळ हसलं की हसते. दोन ते अडीच वर्षांची मुलं अशा दुहेरी बोलण्यातून नवे शब्द शिकतात असं २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं, साध्या चित्रफितीतून नाही. कॉल पाच-दहा मिनिटांचाच ठेवा. शेजारी तुम्ही बसा, आणि आजी ‘चेंडू कुठाय?’ म्हणाली की इकडे खरा चेंडू हातात द्या.

दोन भाषांत वाढणारी मुलं बोलण्याचे मोठे टप्पे एकभाषक मुलांच्या आसपासच गाठतात. चूक मोजण्यात होते. जर्मन तपासणीत फक्त जर्मन शब्द मोजले तर ती मागे दिसेल. दोन्ही भाषांचे शब्द मिळून मोजा. ‘पाणी’ आणि ‘वास्सर’ दोन्ही म्हणत असेल तर ते दोन शब्द. एकाच वाक्यात दोन भाषा मिसळणं हा गोंधळ नसतो.

पण दोन भाषा ही सबबही होता कामा नये. बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही. सोळा महिन्यांपर्यंत कुठल्याच भाषेत एकही शब्द नाही. चोवीस महिन्यांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत: यातलं काहीही असलं तर आधी श्रवणचाचणी करून घ्या.

प्रश्न : बी.ए.ला वैकासिक मानसशास्त्र आहे. पियाजेच्या अवस्था पाठ केल्या. पण पाणी उंच अरुंद पेल्यात ओतलं तरी माझा साडेपाच वर्षांचा भाचा ‘पाणी तेवढंच आहे’ असं बरोबर सांगतो आणि आठ वर्षांची एक मुलगी चुकते. प्रात्यक्षिकासाठी हाच प्रयोग करायचा आहे. नीट कसा करावा? (विद्यार्थिनी, लातूर)

तुम्हाला जे दिसलं ते पियाजेच्या विरोधात जात नाही. ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) हा स्वित्झर्लंडचा मानसशास्त्रज्ञ; मुलांचा विचार एकामागून एक येणाऱ्या अवस्थांतून वाढतो असं त्यानं मांडलं. बाळांबद्दलची त्याची मांडणी मुख्यतः स्वतःच्या तीन मुलांच्या निरीक्षणावर उभी आहे. पुढची जिनिव्हा आणि परिसरातल्या मुलांवर. एक अवस्था संपून पुढची सुरू होण्याची म्हणून पुस्तकात दिलेली दोन, सात, अकरा ही वयं त्या मुलांची अंदाजे वयं होत. त्याचा दावा क्रमाबद्दल होता: आधी काय येतं, नंतर काय येतं, आणि मधली पायरी गाळता येत नाही. वय सराव, शाळा, परिसर यांनी पुढेमागे होतं. मेक्सिकोत १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुंभारांची मुलं चिकणमातीच्या गोळ्याच्या प्रश्नात इतर मुलांच्या पुढे निघाली. रोज जी माती थापायची, तिचा आकार बदलला म्हणून ती वाढत नाही हे हातांना आधीच कळलेलं.

आता प्रयोग. साहित्य साधं आहे. काचेचे दोन अगदी सारखे पेले, एक उंच अरुंद पेला, हळदीनं किंचित रंगवलेलं अर्धा लिटर पाणी, बारा चिंचोके आणि कणकेचे लिंबाएवढे दोन गोळे. स्टीलचे पेले नकोत, पातळी दिसत नाही. चार ते आठ वयाची किमान बारा मुलं घ्या: चार-पाच, सहा आणि सात-आठ अशा गटांत चार-चार. एका वेळी एकच मूल, शांत खोली, आणि पालक मुलाच्या पाठीमागे. आई समोर बसली की मूल पेल्याऐवजी तिच्या भुवया वाचतं.

सुरुवातीला मुलाला ‘सारखं’, ‘जास्त’, ‘कमी’ कळतं का ते पाहा. एका वाटीत पाच आणि दुसरीत दोन चिंचोके ठेवून कुठे जास्त ते विचारा. इथे चुकलेल्या मुलाचा निकाल पुढे धरू नका. त्याची अडचण शब्दाची आहे, परिमाणाची नाही.

चिंचोके सहा-सहाच्या दोन समोरासमोर ओळींत मांडा. दोन्हीकडे सारखे आहेत हे मुलाच्या तोंडून वदवून घ्या. मग त्याच्या देखत एक ओळ पसरून लांब करा आणि विचारा: ‘आता तुझ्याकडे जास्त आहेत, माझ्याकडे जास्त आहेत, की दोघांकडे सारखेच?’ पर्यायांचा क्रम मुलागणिक बदला, कारण लहान मुलं शेवटचा ऐकलेला पर्याय उचलतात.

पाण्याच्या वेळी दोन सारख्या पेल्यांत साधारण दीडशे-दीडशे मिलिलिटर पाणी ओता. पातळी जुळवण्याचं काम मुलाकडे द्या. चमच्यानं थेंब-थेंब घालून ते स्वतःच ‘आता सारखं’ म्हणेपर्यंत थांबा. हे टाळलं तर पुढचं सगळं वाया, कारण मुळात पाणी सारखं होतं हे त्याला पटलेलंच नसतं. मग एका पेल्यातलं पाणी उंच पेल्यात ओता. थेंबही सांडू देऊ नका आणि तोंडानं काही बोलू नका. एकदाच विचारा: ‘कुणाला जास्त पाणी प्यायला मिळेल, की सारखंच?’ ‘कुठलं मोठं?’ असं विचारू नका. मूल पेल्याची उंची सांगेल आणि तुम्ही ती चूक धराल.

कणकेचाही तसाच: गोळे सारखे आहेत हे मान्य, मग एकाची लांब वळी करा आणि विचारा.

प्रत्येक उत्तरानंतर ‘तुला कसं कळलं?’ हे विचाराच. खरा ऐवज तिथे आहे. मुलाचं वाक्य जसंच्या तसं लिहा, शुद्ध करून लिहू नका. पक्की समज असलेल्या मुलाच्या कारणाचे तीन प्रकार आढळतात: ‘तेच तर पाणी आहे, तू काढलं कुठं?’, ‘परत ओतलं तर तेवढंच होईल’, ‘हा उंच आहे पण बारीक आहे’. उत्तर बरोबर, कारण मात्र ‘माझ्या ताईनं सांगितलं’, तर वेगळ्या रकान्यात नोंदवा. आधी सारखं म्हणून मग डळमळणारी मुलं सगळ्यात मोलाची असतात, त्यांना नापास करू नका. अशी मुलं ‘संक्रमणात’ म्हणून नोंदवायची.

निकाल बिघडण्याची दोन मोठी कारणं आहेत. पियाजेच्या पद्धतीत ओतण्याआधी आणि नंतर तोच प्रश्न विचारला जाई. मोठ्या माणसानं तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे आपलं पहिलं उत्तर चुकलं असणार, असं मुलाला वाटतं. शाळेत हेच तर होतं. रोझ आणि ब्लँक यांनी १९७४ मध्ये दाखवलं की प्रश्न एकदाच विचारला तर चुका कमी होतात. म्हणून आधी प्रश्नाच्या जागी मुलाकडून नुसती कबुली घ्यायची. दुसरं कारण म्हणजे मोठ्या माणसानं मुद्दाम केलेला बदल. मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी, त्याच साली, ओळ विस्कटण्याचं काम एका खोडकर टेडी अस्वलाला दिलं, आणि चार ते सहा वयाची कितीतरी अधिक मुलं ‘सारखेच’ म्हणाली. तुम्ही निम्म्या मुलांबरोबर चिंचोक्यांची ओळ स्वतः पसरा आणि निम्म्यांबरोबर बाहुल्याकडून ‘चुकून’ पसरवा. छोट्याशा प्रात्यक्षिकाला एकदम वजन येईल.

संख्या, पाणी आणि कणीक यांची समज एका दिवशी येत नाही. साधारण सहाव्या-सातव्या वर्षी चिंचोके सुटतात, मग पाणी आणि कणीक, वजनाची समज नवव्या वर्षाच्या आसपास आणि पाण्यात बुडवलेल्या वस्तूच्या आकारमानाची अकरा-बाराला. तुमचा भाचा पाण्यात बरोबर आला तरी वजनात चुकेल. करून पाहा.

पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलालाही ‘खेळायचं का?’ विचारा. ते मधेच उठलं तर उठू द्या. वहीत नावाऐवजी क्रमांक लिहा. आणि शेवटी ‘चुकलास’ म्हणू नका; सगळ्यांना सारखीच शाबासकी.

प्रश्न : सव्वा वर्षाच्या मुलाला पाळणाघरात सोडताना तो आकांत करतो. सासूबाई म्हणतात, त्याचं लक्ष नसताना हळूच निघून जा. शेजारणीचा मुलगा अजिबात रडत नाही. आमचं काही चुकतंय का? (एक आई, पुणे)

हळूच निघून जाऊ नका. आई कोणत्याही क्षणी नाहीशी होऊ शकते हे एकदा कळलं की मूल घरातही पदर सोडत नाही. ‘आई ऑफिसला जाते, खाऊ खाल्ल्यावर येते’ असं रोज एकच वाक्य, एक पापा, आणि निघायचं. दारातून तीनदा परत फिरू नका. सांभाळणारी बाई शक्यतो एकच असावी, आणि पहिला आठवडा तास-दीड तासापासून वाढवत न्यावा.

रडण्यावरून बंधाची पारख होत नाही. मेरी एन्सवर्थ यांनी युगांडात १९५४-५५ च्या सुमारास आणि नंतर बाल्टिमोरमध्ये माय-लेकरांचं निरीक्षण करून एक पद्धत बसवली: अनोळखी खोली, सुमारे तीन-तीन मिनिटांचे आठ भाग, आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते. १२ ते १८ महिन्यांच्या मुलांसाठी ती आहे. गुणांकन मुख्यतः आई परत आल्यावर मूल काय करतं यावर होतं: तिच्याकडे जातं का, तिच्यापाशी शांत होऊन पुन्हा खेळायला लागतं का. अजिबात न रडणाऱ्या काही मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले तर तेही वाढलेले निघाले. शेजारचा मुलगा सुखात आहे की गप्प आहे हे बाहेरून सांगता येत नाही.

जपानमधल्या सापोरो इथल्या अभ्यासात बरीच मुलं आवरेनाशी रडली, कारण घरी त्यांना एकटं ठेवण्याची पद्धतच नव्हती. आजीच्या मांडीवरून काकूच्या कडेवर जाणाऱ्या आपल्या मुलांनाही हे लागू आहे. तुम्ही एवढंच पाहा: तुम्ही निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी तो काय करतो आणि संध्याकाळी तुम्हाला पाहून तुमच्याकडे येतो का. महिना उलटूनही दिवसभर खाणं-खेळणं बंद असेल तर पाळणाघर बदलण्याचा विचार करा.

प्रश्न : नववी-दहावीची मुलं एकेकटी भेटली तर समजूतदार, चौघं जमली की दुचाकीवर वेडेपणा. शिस्तीत आम्ही कमी पडतो का? (शिक्षक, नाशिक)

धोका कळत नाही म्हणून हे होतं, असं आपण धरून चालतो आणि व्याख्यानं ठेवतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये १३–१६, १८–२२ आणि २४ च्या पुढच्या लोकांना मोटार चालवण्याचा संगणक-खेळ दिला: पिवळा दिवा लागल्यावर किती पुढे जायचं ते ठरवा, गाडी आदळली तर गुण गेले. एकटं खेळताना तिन्ही गट जवळपास सारखे. मित्र पाहत असताना किशोरांनी घेतलेला धोका खूप वाढला, मोठ्यांचा जवळजवळ नाही. बक्षिसाला आणि मित्रांच्या नजरेला प्रतिसाद देणारी मेंदूतली यंत्रणा वयात येताना जोरात असते, आवर घालणारी पुढची बाजू मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहते.

तेव्हा भाषणापेक्षा प्रसंग बदला. सहलीत गट दोन-तिघांचे आणि प्रत्येक गटाशी एक मोठं माणूस. अठराच्या आतल्यांनी दुचाकी शाळेत आणायची नाही हा नियम आणि फाटकावर त्याची रोजची तपासणी. परत जाण्याची सोय आधीच ठरलेली. पालकसभेत सगळ्यांनी मिळून एकच नियम ठरवला तर ‘बाकीच्यांना देतात’ हा युक्तिवाद उरत नाही.

सकाळी साताच्या तासाला पेंगणारी मुलं आळशी नसतात. वयात येताना झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, आणि झोप तर आठ ते दहा तास लागते. अवघड विषय पहिल्या तासाला ठेवू नका.

प्रश्न : एरिक्सनच्या आठ अवस्था म्हणजे आपली आश्रमव्यवस्थाच नव्हे का? (निवृत्त प्राध्यापक, सातारा)

साम्य खरं आहे आणि ते मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनाही जाणवलं होतं. जन्मापासून म्हातारपणापर्यंत आठ अवस्था आणि प्रत्येकीत माणसापुढे एक मानसिक पेच, अशी मांडणी त्यांनी १९५० मध्ये केली. १९६२ मध्ये मानवी जीवनचक्रावरच्या चर्चासत्रासाठी ते अहमदाबादला आले, तिथल्या १९१८ च्या गिरणी संपाचा मागोवा घेतला, आणि गांधीजींवरच्या त्यांच्या ग्रंथाला १९७० चं पुलित्झर मिळालं. भारतीय मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी दोन्ही योजना शेजारी ठेवून पाहिल्या.

पण परीक्षेत दोन्ही एक आहेत असं लिहिणं चूक ठरेल. आश्रमधर्म माणसानं काय करावं ते सांगतो, आणि तोही त्रैवर्णिक पुरुषाला. एरिक्सन माणसापुढे कोणता पेच उभा राहतो ते सांगतात, स्त्री-पुरुष दोघांच्याही. दुसरं, मुंजीचं परंपरागत आठवं वर्ष येईतो एरिक्सनच्या पहिल्या तीन अवस्था (विश्वास, स्वायत्तता, पुढाकार) संपून चौथी चालू असते. आपल्याकडे हा काळ आश्रमांत येत नाही, उष्टावण, जावळ अशा संस्कारांत येतो. गृहस्थाश्रम आणि पुढच्या पिढीसाठी झटण्याची सातवी अवस्था यांची जवळीक मात्र अगदी खरी आहे.

प्रश्न : वय ६८. माणूस समोर येतो, चेहरा कळतो, नाव आठवत नाही. भजनी मंडळात नवीन अभंग पाठ होत नाही, जुने मात्र सगळे येतात. विस्मरणाचा आजार तर नाही? (गृहिणी, सोलापूर)

तुम्ही लिहिलंय ते वयानुरूप आहे. नवं झटपट पकडण्याची क्षमता आणि आयुष्यभर साठवलेलं ज्ञान या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेगानं बदलतात. पहिली तिशीपासूनच हळूहळू उतरते, शब्दसंपत्ती आणि जाणकारी साठीपुढेही टिकते. वॉर्नर शाय यांनी सिअ‍ॅटलमध्ये १९५६ पासून दर सात वर्षांनी त्याच लोकांची चाचणी घेतली. वेगवेगळ्या वयांचे लोक एका दिवशी तपासले तर म्हातारे फार मागे दिसत. तीच माणसं वर्षानुवर्षं तपासली तर बहुतेक क्षमता साठीपर्यंत फारशा ढळलेल्या नव्हत्या. पहिल्या पद्धतीत वयाबरोबर शाळाही मोजली जात होती: आधीच्या पिढीला शिक्षणच कमी मिळालं होतं.

अभंगांसाठी पॉल बाल्टेस यांनी सांगितलेली युक्ती वापरा. ऐंशीच्या घरातले पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन थोड्याच रचना निवडत, त्यांचाच अधिक सराव करत आणि जलद भागाआधी मुद्दाम संथ वाजवत, म्हणजे पुढचा भाग जलद भासे. महिन्याला एकच नवा अभंग घ्या, रोज सकाळी दहा मिनिटं, एका वेळी एक चरण, न पाहता म्हणून मग वही उघडायची. वही समोर ठेवून पन्नासदा वाचल्यानं तेवढं पाठ होत नाही. कार्यक्रमात पहिल्या ओळींची चिठ्ठी पेटीवर ठेवा. नाव ऐकलं की लगेच बोलण्यात एकदा वापरा.

काळजीची लक्षणं वेगळी असतात: ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पाच मिनिटांत तोच प्रश्न विचारणं आणि विचारल्याचंच न आठवणं, नेहमीचा हिशेब न जमणं, रोजची भाजी कशी करायची हेच विसरणं, स्वभाव पालटणं. बरेचदा हे त्या व्यक्तीआधी घरच्यांच्या लक्षात येतं. तसं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जाताना घरातल्या एकाला बरोबर न्या, चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या (झोपेच्या गोळ्यांसकट), आणि काय झालं, कधी झालं असे तीन-चार प्रसंग तारखेनिशी लिहून न्या. बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी करायला सांगा, कारण या दोन्हींच्या कमतरतेनं होणारं विस्मरण वेळीच उपचार केले तर सुधारू शकतं, उदासीनतेचंही तसंच. आणि कान तपासून घ्या. नाव नीट ऐकूच आलं नसेल तर ते आठवणार कुठून? ऐकू कमी येणं हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा, पण हाताळता येण्याजोगा घटक मानला जातो, तेव्हा यंत्र लावायला सांगितलं तर ते कपाटात न ठेवता रोज वापरायचं.